दाढ कुणाची, साखर कुणाची? नगर जिल्ह्यातल्या दातदुखीचा शंभर वर्षांचा इतिहास



पाण्याचा इतिहास आपण सांगतो. जमिनीचा, वतनाचा, शाळेचा इतिहास सांगतो. चवदार तळे आणि महार वतन यांवर आपल्याकडचा कुठलाही कार्यकर्ता तासभर बोलू शकतो. पण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडात दात का उरले नाहीत, यावर आपण कधी बोलतो का? दात पडणे म्हणजे म्हातारपण, दाढ दुखणे म्हणजे नशीब, आणि दाढ काढणे म्हणजे उपचार, असे आपण धरून चाललो आहोत.

मला हे मान्य नाही. माणसाच्या तोंडात काय बिघडते, ते बिघडल्यावर त्याला कुठला उपचार लागतो आणि प्रत्यक्षात कुठला मिळतो, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट ठरते त्याच्या ताटावरून आणि व्यसनावरून. दुसरी ठरवते वैद्यकशास्त्र. तिसरी ठरते त्याच्या खिशावरून आणि जातीवरून. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र फक्त तिसरी गोष्ट लिहिली जाते, आणि पुढे तिलाच 'रुग्णाची गरज' म्हटले जाते. हा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे. त्यासाठी मी आपला अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, घेतला आहे. कारण साखर, तंबाखू आणि दंत महाविद्यालय या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात इतक्या ठळकपणे क्वचितच सापडतील.

थुंकीचा विटाळ आणि तोंडाचा डॉक्टर

सुरुवात दाताच्याही आधीपासून करावी लागते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके असायचे, कारण त्याची थुंकी रस्त्यावर पडली तर रस्ता बाटत होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आता विचार करा. ज्याच्या थुंकीने रस्ता बाटतो, त्याच्या तोंडात बोट घालून दाढ तपासणार कोण?

हा केवळ तर्क नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. अखेर आला तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने बाईला हात लावला नाही. ती बाई मेली. थर्मामीटरची ही गत असेल, तर दाताच्या चिमट्याची काय असणार? हात न लावता ताप मोजता येतो. हात न लावता दात काढता येत नाही.

म्हणून आपल्या वाड्या-वस्त्यांवर दाताचा उपचार करणारे लोक वेगळेच होते. फिरस्ते वैदू होते, जडीबुटी विकणारे होते. वैदू स्वतः भटक्या जमातीचे, गावकुसाबाहेरचेच. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथाच्या यात्रेत भटक्या जमातींच्या पंचायती भरायच्या, हे नगरकरांना ठाऊक आहे. ज्यांना गाव उभे करत नव्हते, त्यांनीच ज्यांना डॉक्टर शिवत नव्हता त्यांची दुखणी पाहिली. दाढ किडली की 'दाताला कीड लागली' असे आपण आजही म्हणतो. पूर्वी ती कीड खरोखरची अळी आहे असे समजले जाई. भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायचा, म्हणजे अळी बाहेर पडते अशी समजूत होती. यात हसण्यासारखे काही नाही. दातातल्या किड्यावर बाबिलोनपासून युरोपपर्यंत सगळ्यांचा विश्वास होता. १७२८ मध्ये पियेर फोशार या फ्रेंच माणसाने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहून त्या कल्पनेला धक्का दिला. फरक एवढाच की युरोपला त्यानंतर दवाखाना मिळाला, आणि आपल्याला दोनशे वर्षांनंतरही धूरच मिळाला.

त्या काळातली गरज काय होती? जिल्हा दुष्काळी. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोरड्यास, मिळाली तर भाजी. जात्याच्या पिठात दगडाची कचकच असे, त्याने दात झिजत. हिरड्या सुजत, दात हलत. साखर ही सणाची आणि पाटलाच्या घरची वस्तू होती, गूळसुद्धा मोजून. दाढा किडत नव्हत्या असे नाही. पण आज जशा लहान पोरांच्या दाढा काळ्या पडतात, तशी सरसकट कीड पसरायला रोज साखर लागते, आणि ती साखर आपल्या घरात नव्हती. दुखणे सहन करायचे आणि अगदीच असह्य झाले तर दात उपटायचा, एवढाच उपचार होता.

कालवा आला, ऊस आला, साखर आली

प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. कालव्याचे पाणी आले आणि त्याच्यामागे ऊस आला. श्रीरामपूर भागात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, टिळकनगरला दुसरा. हरेगाव हे नाव आपल्या चळवळीला नवे नाही. १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेब याच हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते. प्रश्न वतनाच्या जमिनीवरच्या वाढीव जुडीचा होता. म्हणजे ज्या मातीत साखर पिकत होती, त्याच मातीत आपला माणूस वतनाच्या तुकड्यासाठी सरकारशी भांडत होता. साखरेचा मालक एक आणि साखरेचा मजूर दुसरा, ही वाटणी तेव्हाच दिसत होती.

स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ही मोठीच गोष्ट होती, ते नाकारण्याचे कारण नाही. त्यानंतर जिल्हाभर कारखाने झाले. पण सहकारात सभासद व्हायला जमीन लागते, जमिनीला पाणी लागते. भूमिहीनाच्या वाट्याला सहकारातून काय आले? कोयता आला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू भागातून माणसे टोळ्या करून ऊसतोडीला जाऊ लागली.

आणि दुसरे काय आले? चहा आला. कारखान्याच्या चिमणीबरोबर चहाची टपरी आली. साखर स्वस्त झाली, रेशनवर मिळू लागली. दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा, पोरांना चहात बुडवून बिस्कीट, टोस्ट, खारी. दंतशास्त्र साधी गोष्ट सांगते: तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दातावरचा टणक थर विरघळवते. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व. ज्याला पोटभर दोन जेवणे मिळतात तो चहा दोनदा पितो. ज्याला जेवण पुरत नाही तो भूक मारायला सहादा पितो. दाढा कुणाच्या किडणार, हे वेगळे सांगायला नको.

डेंटल कौन्सिलने २००२-०३ मध्ये देशभर तोंडाच्या आरोग्याची पाहणी केली. बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. ३५ ते ४४ या वयात हे प्रमाण पाचांत चार असे होते. म्हणजे आजोबांच्या पिढीत हिरडी आणि हलणारा दात ही मुख्य तक्रार असेल, तर नातवाच्या पिढीत किडलेली दाढ तिच्या जोडीला आली. आता त्यात मधुमेहाची भर पडली आहे. मधुमेहाने हिरड्यांचा रोग वाढतो, आणि हिरड्यांच्या रोगाने साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. साखर पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या मजुराला साखरेने दोन्ही बाजूंनी धरले आहे.

मिसरीची डबी ते गुटख्याची पुडी

माझ्या आजीच्या कमरेला मिसरीची डबी असायची. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांना लावायची. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, संध्याकाळी एकदा. 'दात घासते' असे ती म्हणायची. खरे तर ती तंबाखू खात होती, फक्त तिला तसे म्हणायची परवानगी नव्हती. बाईने विडी ओढली तर बदनामी. बाईने मिसरी लावली तर स्वच्छता. शेतात बाराबारा तास राबणाऱ्या, नंतर चूल पेटवणाऱ्या बाईची भूक आणि शीण मारायचे ते एकमेव साधन होते. आजीचे पुढचे दात साठीच्या आतच गेले. घरात कुणाला त्याचे आश्चर्य वाटले नाही.

१९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या पुणे जिल्ह्यात खेडोपाडी जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. ते संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू आणि तोंडातले कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध जगापुढे मांडणाऱ्या महत्त्वाच्या कामांपैकी ते एक आहे. म्हणजे तंबाखूने तोंडात काय होते, हे पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, आणि ते आपल्यासारख्याच खेडुतांच्या तोंडात डोकावून कळले आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारची बंदी यायला १९९२ साल उजाडले. घरच्या तव्यावर ती बंदी पोहोचलीच नाही.

आपला जिल्हा तंबाखूच्या धंद्यातही मागे नाही. राज्यभर खेडोपाडी मळली जाणारी 'गाय छाप' तंबाखू संगमनेरची. नगर, संगमनेर, अकोले भागात विड्या वळणाऱ्या हजारो बाया. त्यांच्या बोटांवर ज्यांचे संसार चालले, त्यांचीच फुप्फुसे आणि तोंडे या धंद्याने घेतली.

मग १९८० नंतर पुडी आली. सुपारी, चुना, कात, तंबाखू, सगळे एका चकचकीत पाकिटात, रुपया-दोन रुपयांत. चुना मळत बसायची गरज नाही, शाळकरी पोरगाही दप्तरात ठेवू शकतो. याच पुडीने एक जुना आजार नव्याने पसरवला. तोंडाच्या आतली मऊ कातडी कडक होत जाते, तिखट सोसवत नाही, आणि हळूहळू तोंडच उघडेनासे होते. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी भारतात पहिल्यांदा याचे वर्णन केले, तेव्हा तो विरळा होता. आज कुठल्याही दंत दवाखान्यात विशी-तिशीची पोरे तो घेऊन येतात. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा घातली. पण पुडी मिळत नाही असे एक गाव मला दाखवा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. महाराष्ट्राचे व्यसन तोंडात आहे, म्हणून त्याची किंमतही तोंडच मोजते.

या तीन पिढ्यांचा फरक पाहा. आजोबांना दात काढायचा होता. वडिलांना किडलेली दाढ भरायची होती. नातवाला दाढेपर्यंत हत्यार पोहोचायचे असेल, तर आधी तोंड उघडायला हवे. गरज बदलली हे खरे. पण ती आपोआप बदलली का? कालव्याने, कारखान्याने आणि पुडीने ती बदलली. त्यातला नफा एकीकडे गेला, दुखणे दुसरीकडे.

खुर्ची आली, पण कुणासाठी?

आता दुसरी बाजू पाहू. भारतात पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ ला, सरकारी दंत महाविद्यालय १९३८ ला सुरू झाले. १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला आणि नोंदणी सक्तीची झाली. त्यात पदवी नसलेल्या, पण पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांसाठी 'ब' भाग ठेवला होता. शहरात दुकान थाटून बसलेल्यांना त्याचा उपयोग झाला असेल. पालावरच्या वैदूला नोंदणीचा कागद कुठून मिळणार? त्याचे ज्ञान बेकायदा ठरले आणि त्याच्या जागी गावात पदवीधर डॉक्टर आला नाही. नंतर किती दशके नगरच्या खेड्यात दोघांपैकी कुणीच नव्हते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. साखर कारखान्याच्या परिसरात शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. आपल्या जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय झाले, पुढे संगमनेरलाही झाले. दोन्ही सहकाराच्या परंपरेतल्या घराण्यांच्या संस्था. मी इथे कुणावर आरोप करत नाही. या महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्तात उपचार होतात आणि हजारो गरीब तिथे जातात. मी फक्त साखळी दाखवतो आहे: उसातून पैसा, पैशातून महाविद्यालय, आणि त्याच उसाच्या साखरेने किडलेल्या दाढा घेऊन त्याच महाविद्यालयाच्या खुर्चीवर बसणारा मजूर. विद्यार्थ्याला शिकायला रुग्ण लागतो, रुग्णाला स्वस्त उपचार लागतो. दोघांची गरज भागते. पण हा सौदा झाला, हक्क झाला नाही. हक्क असता तर सरकारी महाविद्यालये वाढली असती. कित्येक वर्षे राज्यात मुंबई, नागपूर, औरंगाबाद अशी मोजकीच सरकारी दंत महाविद्यालये होती. देशातल्या तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयांपैकी बहुसंख्य आजही खासगी आहेत.

त्या खुर्चीच्या पलीकडे उभा राहणारा डॉक्टर कोण, हाही प्रश्न आहे. खासगी संस्थांत राखीव जागांचा कायदा करता यावा म्हणून २००५ ची ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली तर आपली पोरगी बीडीएस होते. नाही मिळाली तर दुसऱ्या वर्षी घरी बसते. झालीच डॉक्टर, तर पुढे दवाखाना टाकायला खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर, जागा यांचे कर्ज. ते फेडायला ती तालुक्याच्या बाजारपेठेत बसते, वस्तीवर बसू शकत नाही. दोष तिचा नाही.

एक केसपेपर

मागच्या वर्षी आम्ही कार्यकर्त्यांनी एका विहारात दंततपासणी शिबिर घेतले. तपासणीला आपल्याच समाजातली एक तरुण दंतवैद्य मुलगी आली होती. रांगेत एक ऊसतोड करणारी बाई होती, वय चाळिशीच्या आसपास. खालची दाढ दुखत होती. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "मावशी, दाढ मजबूत आहे. मुळाचं काम केलं तर वाचेल. तीन वेळा यावं लागेल."

बाई म्हणाली, "डॉक्टरबाई, तीन खाडे कोण भरणार? काढूनच टाका."

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याचा भुर्दंड मजुराच्याच अंगावर. दाढ काढायला एक फेरी लागते. वाचवायला तीन फेऱ्या, एक्स-रे, वर टोपी, बसभाडे आणि बुडलेली मजुरी. बाईने हिशेब चोख केला होता. मुलीने तिला पुन्हा एकदा समजावले, मग मुकाट्याने पुढच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली: दाढ काढणे.

उद्या कुणी संशोधक ते कागद गोळा करील आणि लिहील की ग्रामीण स्त्री-रुग्णांत दात काढण्याची गरज अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पाहणी-पद्धतीत प्रत्येक दाताची अवस्था आणि त्याला लागणारा उपचार अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. त्या बाईच्या दाढेची खरी गरज होती मुळाचे काम. तिची मागणी होती दाढ काढण्याची. या दोन्हींतले अंतर म्हणजे तिची गरिबी. ते अंतर कागदावर लिहायला रकाना नसतो.

आणि एक दाढ गेली की गोष्ट संपत नाही. शेजारचे दात कलतात, समोरची दाढ खाली उतरते, दुसऱ्या बाजूने चावता चावता तीही जाते. पन्नाशीत भाकरी चावत नाही. मग भाकरी चहात नाहीतर आमटीत कुस्करून खायची. म्हणजे पुन्हा चहा, पुन्हा साखर. कवळी बसवायची तर त्याचे वेगळे पैसे. त्याच वेळी तालुक्याच्या रस्त्यावर पाट्या दिसतात: इम्प्लांट, दात सरळ करणे, स्माईल डिझाईन. त्याही 'बदलत्या गरजा'च म्हणवल्या जातात. एकाच तालुक्यात एकाला हसू सुंदर हवे आहे आणि दुसरीला भाकरी चावायची आहे. दोघांची सरासरी काढून जिल्ह्याची गरज सांगता येत नाही.

कवळीसाठी राजीनामा

यावर कुणी म्हणेल, गरिबी आहे तोवर असेच चालणार. मग इंग्लंड पाहा. ५ जुलै १९४८ ला तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळ्यांसाठी लोकांची झुंबड उडाली. कारण कामगारवर्गाच्या तोंडात दात नव्हते. १९६८ च्या पाहणीतसुद्धा इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. फ्लोराईडची टूथपेस्ट आणि सुधारलेले राहणीमान यांचा त्यात वाटा आहेच. पण दात भरून घेणे कामगाराच्या आवाक्यात आले, हेही तितकेच खरे. तिथली गरज दात काढण्याकडून दात राखण्याकडे सरकली.

ही सेवा उभी करणारे मंत्री अॅन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. कारण सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचे ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिमंडळ सोडले. कारणे वेगळी आहेत, ओढून-ताणून जोडायची नाहीत. पण म्हाताऱ्या कामगाराच्या कवळीवर मंत्रिपद ओवाळून टाकता येते, एवढे तरी आपण त्यातून शिकावे. आपल्याकडे कवळीवर विधानसभेत कधी सभात्याग झाल्याचे तुम्हाला आठवते का?

बाबासाहेबांचा वारसा इथेही आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. पण त्या कायद्यात एक भोक राहिले. 'हंगामी कारखाने' त्यातून वगळले गेले, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत साखर व गुळाचे उत्पादन स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगाराला विम्याचा दवाखाना मिळाला आणि नगरच्या साखर कामगाराच्या तोंडावर दार लागले. ऊसतोड मजूर तर कारखान्याचा कामगार म्हणूनही धरला जात नाही. तो मुकादमाचा माणूस.

मग मागायचे काय?

आज सरकारी व्यवस्था अशी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद नसते; ते ग्रामीण रुग्णालयापासून पुढे सुरू होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांचे दात तपासले जातात. तपासणी होते, चिठ्ठी मिळते. पण आई मजुरीवर असेल तर ती चिठ्ठी दप्तरातच राहते. महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. तोंडाचा कर्करोग झाला तर शस्त्रक्रिया त्यात बसते, आणि ते योग्यच आहे. पण दाढ भरणे, मुळाचे साधे काम, म्हाताऱ्याची कवळी हे रोजचे उपचार तिच्या बाहेर राहतात. जबडा कापायला पैसे आहेत, दाढ वाचवायला नाहीत, हा कुठला हिशेब?

गरिबांच्या आरोग्यासाठी गरिबांनाच उभे करता येते, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्या बायांना, त्यात अनेक दलित बायांना, आरोग्यसेविका केले. बोअर दलित वस्तीत घेतले, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिथेच यावे लागले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने बाळंतपण सांभाळले, कुपोषण ओळखले. मग तोंडातला पांढरा चट्टा ओळखणे तिला अवघड आहे का? न्यूझीलंडने १९२१ मध्येच शाळांसाठी दंत-परिचारिका तयार केल्या. त्या शाळेतच मुलांच्या दाढा भरत. आपण शंभर वर्षांनंतर निदान आशाताईला मिसरी सोडवायचे आणि चट्टा ओळखायचे नीट प्रशिक्षण देऊ शकतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी या मागण्या लावून धरायला हव्यात:

एक, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चालू अवस्थेतली दंतखुर्ची, भरलेले पद आणि दाढ भरण्याचे साहित्य. खुर्ची असून साहित्य नसेल, तर तिथे फक्त दात निघतात.

दोन, फुले योजनेत दाढ भरणे, मुळाचे काम आणि साठीनंतरची कवळी.

तीन, ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळातून हंगामाआधी गावात आणि हंगामात कारखान्याच्या तळावर दंत उपचार, आणि उपचाराचा दिवस खाडा न धरणे.

चार, पाहणी करताना रुग्णाला काय लागते आणि त्याला काय मिळाले या दोन वेगळ्या नोंदी, सामाजिक गटासह. नोंद नसेल तर उद्या आपल्याला पुरावा मागितला जाईल.

आणि पाच, ही मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हटले, आणि आपल्या बायाबापड्यांनी ते सोडले. उपाशी राहिले, पण सोडले. त्यांच्या नातवंडांना पुडी सोडता येत नाही, हे मला पटत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत गळ्यात निळा रुमाल आणि गालात गुटखा असलेला पोरगा पाहिला की मान खाली जाते. पेशव्यांनी आपल्या थुंकीसाठी गळ्यात मडके बांधले. ते मडके आपण फोडले. आता त्याच रस्त्यावर आपणच लाल पिचकारी मारत चाललो, तर कुणाचे भले होते? पुडी विकणाऱ्याचे.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. त्यात दात सोडून बाकीचे शरीर, असे लिहिलेले नाही.

शिबिरातल्या त्या मावशीची दाढ बहुधा आतापर्यंत निघाली असेल. ती पुन्हा उगवणार नाही. तिच्या मुलीच्या दाढा अजून शाबूत आहेत. येत्या १४ एप्रिलला आपापल्या गावात डीजेच्या खर्चातून एक दिवस बाजूला काढा, दंतवैद्याला बोलवा, आणि तपासून झाल्यावर नुसती चिठ्ठी देऊन परत पाठवू नका. ज्यांची दाढ वाचू शकते अशांची नावे लिहा आणि ती यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जा.

जय भीम!